तार कापायची नाही!

मैत्रिणींनो, नव्या मिक्सरचा प्लग ओट्याजवळच्या सॉकेटात बसला नाही, तर आपण काय करतो? भिंत फोडून आतली वायर तोडतो का? छे! कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मधला जोड आणतो, बसवतो आणि चटणी वाटायला लागतो. एवढं साधं शहाणपण प्रत्येक घरात असतं. पण हीच गोष्ट आपल्या गाडीत आली की ते कुठं जातं, कोण जाणे!

दिवाळीला हौसेनं गाडीत नवा टेप घ्यायचं ठरतं. (त्याला आता स्टीरिओ म्हणतात, पडदा असला तर आणखी काही म्हणतात, पण आमच्याकडे अजून तो ‘टेप’च.) दुकानातला मुलगा जुना सेट बाहेर ओढतो. सेटच्या मागं गाडीच्या तारांचा झुबका असतो आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची एक चौकोनी डबी. तिला कपलर म्हणतात. नव्या सेटची डबी वेगळ्या आकाराची असते, म्हणून तो पक्कड घेतो आणि गाडीची डबी कचकन कापून टाकतो. मग दातांनी तारा सोलायच्या, एकमेकींना पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची. दहा मिनिटांत गाणं सुरू! आपण बाहेर स्टुलावर बसून चहा पीत असतो, त्यामुळं आत काय झालं हे आपल्या गावीही नसतं.

ती कापलेली डबी वाचवणं हाच माझा उद्योग आहे. रत्नागिरीत राहून मी घरच्या घरी मधले जोड तयार करते. एका बाजूला गाडीच्या डबीत बसेल असं तोंड, दुसऱ्या बाजूला नव्या सेटच्या डबीत बसेल असं तोंड, आणि मध्ये वीतभर लांबीच्या दहा-बारा रंगीत तारा. गाडीची एकही तार न कापता सेट बसतो आणि नको झाला की निघतो. बाई माणूस आणि असलं काम, असं तुम्ही म्हणाल. अहो, मोगऱ्याचा गजरा ओवणाऱ्या आणि काजाचे टाके घालणाऱ्या हातांना हे काय जड? जड आहे ते मागचं कारण समजून घेणं. तेच आज सांगायचं आहे.

कळकलेली तार

आमच्या धाकट्या भावजींचं गाडीच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले, की त्यांच्याकडे ठरलेल्या तक्रारी यायच्या. एका बाजूचा स्पीकर मुका झाला, सेट मध्येच बंद पडतो, खड्ड्यात गेलं की चालू होतो. बहुतेक गाड्यांचे टेप दुसरीकडे कुठं तरी बसवलेले असायचे. एकदा त्यांनी सोडलेली काळी टेप मी हातात घेऊन पाहिली. आतला चिकट डिंक पाघळला होता आणि तांब्याची तार हिरवी झाली होती. मी म्हटलं, “भावजी, ही तर कळकली!”

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर काय होतं, हे ज्यांच्या घरी जुनी भांडी आहेत त्यांना सांगायला नको. तांबं, ओल आणि खार एकत्र आले की तोच प्रकार तारेत होतो. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्र तर दाराशी. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांतून खारं पाणी ठिबकत असतं. त्यात मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डला हात लावू म्हटलं तर लाववत नाही. उष्म्यानं टेपचा डिंक सुटतो, घाटातल्या धक्क्यांनी पीळ सैल होतो, फटीतून खारी हवा शिरते आणि तार कळकते. कळकलेल्या जोडातून वीज नीट जात नाही. जिथं ती अडते तिथं जोड तापतो. गाणं बंद पडलं तर पडू दे; पण डॅशबोर्डच्या मागं, प्लॅस्टिकच्या शेजारी तापणारा जोड ही काही साधी गोष्ट नव्हे.

ह्यावर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. तांब्यावर कथलाचा चकचकीत थर बसला की अन्न कळकत नसे. सोल्डरिंग म्हणजे दुसरं काय? सोल्डरची तार कथील आणि शिसं ह्यांची असते. नेहमी मिळणारी ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं अशा प्रमाणातली. साधारण १९० अंश सेल्सिअसला ती पाण्यासारखी वितळते. नवसागराच्या जागी आत राळ भरलेली असते. ती तांब्यावरची घाण खाते आणि कथील तारेच्या पेडापेडांत शिरतं. वर उष्णतेनं आवळणारी प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवली की जोड बंद. मग तिथं खारी हवा शिरत नाही आणि तार कळकत नाही.

हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे तू कल्हईवालीच झालीस गो!” तेव्हापासून आमच्या घरात माझ्या कामाला कल्हईच म्हणतात.

डब्या सारख्या का नाहीत?

सगळ्या गाड्यांना एकच डबी का करत नाहीत, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे.  १९३० साली अमेरिकेतल्या गॅल्विन कंपनीनं आपल्या गाडीतल्या रेडिओला ‘मोटोरोला’ असं नाव दिलं आणि पुढं तेच कंपनीचं नाव झालं. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टनं युरोपातला पहिला गाडीचा रेडिओ काढला. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ मध्ये आणि पायोनिअरनं गाडीत सीडी बसवली १९८४ मध्ये. दर वेळी नवा माल, नवा कारखाना आणि प्रत्येकाची तारांची तऱ्हा वेगळी.

आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तेव्हा बऱ्याच जणांनी गाडी घेतली ती टेपशिवायच. पुढं पैसे साठले की हौसेनं टेप बसवायचा. डॅशबोर्डातल्या खणाचं माप मात्र जर्मन लोकांनी केलेल्या नियमामुळं जगभर पुष्कळसं एकच झालं: १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुप्पट उंचीचा खण असला तर १०० मिलिमीटर. पुढं डब्यांसाठीही आंतरराष्ट्रीय नियम झाला. आठ पिनांची एक डबी विजेची आणि आठ पिनांची दुसरी स्पीकरांची. युरोपातल्या पुष्कळ कारखान्यांनी तो मानला. जपानी कारखान्यांनी मात्र आपापल्या डब्या चालू ठेवल्या. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत एक डबी १० पिनांची असते आणि दुसरी ६ पिनांची. म्हणजे खण सारखा, पण खणामागची डबी वेगळी. कपाट एका मापाचं आणि कुलूप मात्र प्रत्येकाचं निराळं, असं झालं हे! म्हणून माझ्यासारखीला मधली किल्ली करून द्यावी लागते.

रंगांची ओळख

नव्या सेटच्या मागून ज्या तारा येतात त्यांचे रंग बहुतेक कंपन्यांत ठरलेले असतात. एकदा लक्षात ठेवले की कायमचे लक्षात राहतात. पिवळी तार थेट बॅटरीची. ती सदैव जागी असते आणि तिच्यावर सेटची आठवण टिकते. लाल तार किल्लीची. किल्ली फिरवली की तिच्यात वीज येते. काळी तार अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याची. निळी एरियलची किंवा अँप्लिफायरची. नारिंगी असली तर दिव्यांची. रात्री गाडीचे दिवे लावले की सेटचा उजेड मंद करणारी. मग स्पीकरांच्या चार जोड्या. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीची एक जुळी बहीण असते, त्याच रंगाची पण अंगावर काळी रेघ असलेली. ती वजा बाजू.

आता खरी खुबी ऐका. हे रंग सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग गाडीच्या कारखान्याचे, आणि त्यांचा ह्यांच्याशी काडीचाही संबंध नसतो! म्हणून ‘लालला लाल’ असं डोळे मिटून कधीही जोडायचं नाही. गाडीचा नकाशा पाहायचा, नाही तर मल्टीमीटर लावून प्रत्येक तारेला तिचं नाव विचारायचं. किल्ली काढल्यावरही जिथं १२ व्होल्ट दिसतात ती बॅटरीची. किल्ली फिरवल्यावर येतात आणि काढल्यावर जातात ती किल्लीची.

स्पीकरची तार ओळखायला तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेट बाहेर काढलेला असताना दोन तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून ‘टक’ असा आवाज येईल त्याच्या त्या तारा. जाळीतून स्पीकरचा पडदा दिसत असेल तर नीट पाहा. तो बाहेर उसळला तर सेलच्या अधिक टोकाची तार अधिक, आत गेला तर उलट. एका स्पीकरची अधिक-वजा उलटी झाली तर गाणं वाजतं, पण तबल्याचा डग्गा हरवतो. एक पडदा पुढं ढकलतो तेव्हाच दुसरा मागं ओढतो, मग जड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. (गाडीत कारखान्याचा वेगळा अँप्लिफायर असेल तर मात्र हा सेलचा प्रयोग करू नका.)

आणखी एक. स्पीकरची काळ्या रेघेची तार ‘वजा’ आहे म्हणून ती गाडीच्या पत्र्याला जोडायची नाही. फार जुन्या गाड्यांत तसं चालत असे. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळत असते. तिथं पत्रा लावलात तर सेटच्या आतला भाग जळून जाऊ शकतो.

आंब्याची गाडी आणि लाल तार

एका एप्रिलमध्ये एक बाई भावजींचं चिठोरं घेऊन माझ्या दारात आल्या. त्यांचे यजमान पिकअप गाडीतून हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात नेतात. संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि रात्रभर कशेडी घाट करत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर हाकायचं. एकट्या माणसाला जागं ठेवायला गाणी हवीत, म्हणून नवा सेट बसवून घेतला होता. त्यानंतर गाडी एक दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. तीन वेळा भरल्या पेट्यांनिशी गाडी सुरू झाली नव्हती. आंबा काय थांबतो का कुणासाठी? एक रात्र चुकली की फळ पुढं जातं आणि भाव खाली येतो. नवरा दिवसा झोपलेला, म्हणून ह्या आल्या होत्या. नवी बॅटरी घ्यायला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या पैशांच्या काळजीत होत्या.

भावजींनी सेट काढून आणला. लाल तार किल्लीवर न देता बॅटरीच्या कायमच्या तारेवर पिळून ठेवलेली होती. म्हणजे किल्ली काढली तरी सेट जागाच! दिवसरात्र थोडी थोडी वीज पिऊन त्यानं बॅटरी कोरडी केली होती. ह्याच्या उलटंही होतं. पिवळी तार किल्लीवर दिली तर सेट दर वेळी स्टेशनं आणि घड्याळ विसरतो. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या काही गाड्यांत डबीतल्या ह्या दोन जागाच नेहमीच्या उलट असतात. म्हणून मी पिवळी आणि लाल ह्या दोघींत एकेक लहान जोड ठेवते, म्हणजे हवी तर अदलाबदल करता येते.

त्या पिकअपची डबी कापलेली होती. भावजींनी तशीच दुसरी डबी मिळवली, मी तिच्या तारा सोल्डर केल्या आणि मधला जोड करून दिला. बॅटरी चांगलीच होती. नवी घ्यावी लागली नाही. बाई तासभर माझ्या शेजारी बसून पाहत होत्या. जाताना म्हणाल्या, “वहिनी, हे मला जमंल?” त्या आता आठवड्यातून चार दुपारी येतात आणि त्यांचे सांधे माझ्याइतकेच साफ असतात.

तार बारीक, फ्यूज जाड

एकदा परगावच्या एका दुकानदाराचा फोन आला. शंभर जोड हवे होते. माझ्यासाठी ती मोठी ऑर्डर! पण तार बारीक वापरा, स्वस्तातली, म्हणजे भाव निम्म्यावर येईल, अशी अट. “डॅशबोर्डच्या मागं कोण बघतंय, ताई?” असंही म्हणाले.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्यूज हा सेटचा राखणदार आहे असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो तारेचा राखणदार आहे. वीज प्रमाणाबाहेर गेली तर तार पेटण्याआधी फ्यूजनं वितळावं, हे त्याचं काम. समजा, फ्यूज १५ अँपिअरचा आहे आणि तार घंटीच्या तारेसारखी बारीक. मग कुठं घासून तार पत्र्याला टेकली तर आधी वितळेल ती तारच! १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. झटका बसत नसला तरी गाडीची बॅटरी एका दमात शेकडो अँपिअर ओतू शकते आणि त्यानं तार निखाऱ्यासारखी लाल होते.

त्या स्वस्त तारेत आणखी एक लबाडी असते. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनिअम! ब्लेडनं एक पेड खरवडून पाहा. बाहेर तांबूस आणि आत पांढरं दिसलं तर ती तार घेऊ नका. तिच्यावर सोल्डर नीट धरत नाही आणि खाऱ्या हवेत ती लवकर खराब होते. वीज वाहणाऱ्या तीन तारा मी एक चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्याच्या घेते, स्पीकरच्या अर्ध्याच्या. पिवळीवर १० अँपिअरचा लाल रंगाचा फ्यूज घालते. वरचं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसीचा मोठा कारखाना १९९४ पासून आमच्या रत्नागिरीजवळ रनपार-गोळपला आहे. तेव्हा हा माल आम्हांला काही परका नाही.

मी त्या ऑर्डरला नाही म्हटलं. घरात दोन दिवस धुसफूस झाली. हे म्हणाले, “शंभर जोड म्हणजे थोडे का?” भावजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही नाही केलंत तर दुसरा कुणी करणारच.” दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की ती गाडी कुणाची असेल, तिच्यात मागं मुलं झोपलेली असतील, आणि जोडावर माझ्या हातचा सांधा असेल. पैसे गेले, हे खरंच आहे. त्या महिन्यात मला हवी होती ती सोल्डरची चांगली मशीन घेता आली नाही. पुढच्या वर्षी घेतली. पण माझा जोड जळाला म्हणून आजवर एकही गाडी परत आलेली नाही.

करून पाहायचं असेल तर

तुमच्यापैकी कुणाला हे काम शिकावंसं वाटलं तर जरूर शिका. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलं गावोगावी आहेत. त्यांच्याकडून सोल्डरिंग आणि मीटर शिकायला चार दुपारी पुरतात. सामान म्हणजे २५ वॅटची सोल्डरिंगची कांडी, मल्टीमीटर, तार सोलायचं आणि पिना दाबायचं हत्यार, डब्या, तारा आणि स्लीव्ह. तार कापायची, टोक सोलायचं आणि आधी स्लीव्ह ओवायची. मगच सोल्डर करायचं, कारण दोन्ही टोकं बंद झाल्यावर स्लीव्ह आत जाणार कुठून? सांधा चकचकीत आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. मातकट गोळा झाला तर पुन्हा तापवायचा. शेवटी प्रत्येक तार मीटरला लावून ‘पीं’ ऐकायचं आणि शेजारशेजारच्या दोन तारांत ‘पीं’ येत नाही, हेही तपासायचं. मग एकेक तार ओढून पाहायची.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. पहिलं म्हणजे सोल्डरमध्ये शिसं असतं. हे काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करायचं नाही. खिडकीजवळ बसायचं, धूर नाकात घ्यायचा नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही आणि उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोळीच्या कणकेला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे बॅटरीजवळ जाताना धातूच्या बांगड्या, अंगठी आणि लांब मंगळसूत्र काढून ठेवायचं. बांगडीनं बॅटरीची दोन टोकं जोडली गेली तर बांगडी तापून मनगट भाजतं. सासूबाईंना मोकळे हात पटेनात; मग आम्ही काचेच्या बांगड्यांवर तडजोड केली. काचेतून वीज जात नाही, त्यामुळं त्याही खूश आणि मीही!

दुकानात गेलात तर

आणि शिकायचं नसेल, नुसता टेप बदलायचा असेल, तर दुकानात पुढच्या गोष्टी विचारा. आमच्या गाडीचा कपलर मिळेल का? नसेल तर दोन दिवस थांबा, मागवता येतो. माझ्या साध्या जोडाला तीनशे रुपये पडतात, सेटच्या किमतीपुढं ते काहीच नाहीत. काम सुरू करण्याआधी बॅटरीची वजा तार सोडायला सांगा. डॅशबोर्डात पिवळ्या वेष्टनाच्या तारा किंवा पिवळी डबी दिसली तर तिला हात लावू देऊ नका. ती बहुधा एअरबॅगची असते. तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील किंवा गाडी अगदी नवी असेल, तर नुसत्या तारांनी भागत नाही. अशा गाड्यांत कित्येकदा किल्लीची वेगळी तारच नसते. गाडीचे भाग एकमेकांना निरोप पाठवून बोलतात आणि ते निरोप ओळखणारी वेगळी पेटी घ्यावी लागते. ती मी करत नाही. असं गिऱ्हाईक आलं की स्पष्ट सांगून परत पाठवते.

सगळं बसवून झालं की तिथंच किल्ली काढा, सेट बंद होतो का पाहा. पुन्हा फिरवा, मघाशी लावलेलं स्टेशन लक्षात आहे का पाहा. आमच्याकडे त्यासाठी आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र लावतात; १९७७ पासून ते आमच्या घरचंच आहे. मग आवाज एकेका कोपऱ्यात फिरवून चारही स्पीकर आपापल्या जागी बोलतात का ते ऐका. एवढं केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हो, काढलेला जुना सेट मोडीत घालू नका. जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात घालून माळ्यावर ठेवून द्या. उद्या गाडी विकायची झाली, तर नवा सेट जोडासकट काढून घेता येईल आणि गाडीच्या डबीत तिचा स्वतःचा सेट पुन्हा बसेल. घेणाऱ्याला गाडी जशी होती तशी मिळेल, आणि तुमचा हौसेचा टेप तुमच्याच घरी राहील. पुढच्या गाडीला डबी वेगळी निघाली, तर तेवढ्यापुरता नवा जोड करून घ्या.